सातची आई

त्या वॉर्डात बाळांना नावं नव्हती. नाव घरी गेल्यावर ठेवायचं. इथे पेटीचा नंबर हेच नाव. दिवस भरायच्या आत जगात आलेली ती मूठभर माणसं काचेच्या पेट्यांत झोपायची आणि सिस्टर एकमेकींना सांगायच्या, "चारने आज सगळं दूध पचवलं," किंवा "नऊ फार रडकी आहे बाई, बापावर गेली असणार." ओघानेच त्यांच्या आयांचीही नावं गळून पडली. त्या चारची आई, नऊची आई, सातची आई झाल्या.

हॉस्पिटलच्या तळघरात बसणाऱ्या प्रोग्रामर बाईंनाही नाव उरलं नव्हतं. वरच्या मजल्यांवर सगळे त्यांना सर्व्हरबाई म्हणत. सर्व्हर म्हणजे नेमकं काय, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. जे चालत नाही ते सर्व्हरबाईंचं, एवढं लोकांना पुरे होतं. लिफ्ट अडकली तरी कुणीतरी त्यांनाच फोन करी.

पेटीतल्या बाळांच्या आईबापांसाठी त्यांनी एक साधं पान तयार केलं होतं. वॉर्डात फोन न्यायला बंदी, आणि आई तापाने आजारी असेल तर तिलाही बंदी. म्हणून सकाळचं दूध झालं की सिस्टर वॉर्डातल्या टॅबलेटवर प्रत्येक बाळाचा एक फोटो काढत, पेटीचा नंबर निवडत, खाली वजन लिहीत आणि 'जतन करा' दाबत. घरी बसलेले आईबाप पासवर्ड घालून आपापलं पान उघडत. फोटो आणि वजन, बस्स. पण सगळ्या हॉस्पिटलचे पगार काढणाऱ्या प्रोग्रामपेक्षा सर्व्हरबाईंचा जीव या एवढ्याशा पानात जास्त अडकलेला असे.

त्या दिवशी सकाळी टेबलावरचा फोन वाजला.

"नमस्कार. मी सातची आई बोलतेय." आवाज तापाने जड झालेला होता, पण शब्द एकेक नीट मांडलेले. "मला परवापासून एकच फोटो दिसतोय."

"अहो, रोज थोडेफार सारखेच येतात फोटो. एवढुशी बाळं—"

"सारखा नाही. तोच. गालावरच्या चिकटपट्टीचं एक टोक उचललेलं आहे. दुपट्याची घडी कानाशी आलीय. परवा तसंच होतं, काल तसंच, आजही तसंच. माझी मुलगी झोपेत वळवळ करते, ताई. परवापासून ती हललेली नाहीये."

सर्व्हरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. लोक तक्रार करतात ती 'चालत नाही' एवढ्या दोन शब्दांत. इतकं नीट पाहून कुणी सांगत नाही. आणि जे सांगितलं ते ऐकायला बरं नव्हतं.

"मी बघते. लगेच बघते."

"बघा. पण जे असेल ते खरं सांगा हं. इथे सगळे मला ठीक आहे, ठीक आहे म्हणतायत. हे रोज तिला बघून येतात, तेही तेच म्हणतात." "मागच्या वेळीही सगळं झाल्यावरसुद्धा सगळे मला ठीक आहे असंच सांगत होते."

फोन ठेवला गेला. मागच्या वेळी म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. या बाईने तर आता ताकाकडे बघणंसुद्धा सोडलं होतं.

"काय गं, काय झालं?" शेजारच्या टेबलावरून वायरकाकांनी विचारलं. हॉस्पिटलभर पसरलेल्या वायरी आणि जोडण्या त्यांच्या ताब्यात, म्हणून ते वायरकाका.

"सातचा फोटो बदलत नाही."

"बंद करून चालू केलंस?"

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर काकांचा हा एकच काढा होता. काकूंशी वाजलं तरी ते घराबाहेर जाऊन पुन्हा नव्याने आत येतात, अशी त्यांची चेष्टा चाले.

"सर्व्हर ठणठणीत आहे हो. चारचा, नऊचा फोटो आजचाच दिसतोय."

"तरी कर. माझ्या समाधानासाठी."

काकांच्या समाधानासाठी त्यांनी प्रोग्राम बंद करून चालू केला. पान उघडलं. चिकटपट्टीचं टोक उचललेलंच होतं.

मग त्या एकेक शक्यता ओळीने तपासू लागल्या. पानं लवकर उघडावीत म्हणून सर्व्हर त्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवतो. कधीकधी मूळ पान बदललं तरी तो शिळी प्रतच पुढे करत राहतो. त्यांनी त्या सगळ्या प्रती पुसून टाकल्या. फोटो तोच. बाईंच्या फोनमध्ये जुनं पान अडकलं असेल म्हणावं, तर इथे तळघरातल्या कॉम्प्युटरवरही तेच दिसत होतं. डिस्क भरली असेल? अर्धी रिकामी होती. मग त्यांनी सातच्या फोटोंचा फोल्डर उघडला. त्यातला शेवटचा फोटो परवाच्या आदल्या दिवसाचा. त्यानंतर काहीच नाही.

म्हणजे पान खोटं बोलत नव्हतं. त्याच्याकडे याहून नवा फोटोच नव्हता.

"पाठवताना फसत असेल," काका म्हणाले. ते आता खुर्ची ओढून जवळ आले होते.

सर्व्हर आपल्या दारात आलेल्या प्रत्येकाची नोंद करतो. आत घेतलेल्याची आणि परत पाठवलेल्याचीही. फोटो फार मोठा म्हणून नाकारला असेल, मधेच जोडणी तुटली असेल, तर तिथे लाल ओळ दिसायला हवी. सर्व्हरबाईंनी सातचा फोटो पाठवल्याच्या ओळी शोधल्या. परवापासून लाल नाही, हिरवी नाही, एकही नाही.

काकांनीही ते वाचलं आणि नेहमीचं वाक्य उच्चारलं नाही.

चूक असती तर सर्व्हरबाईंना बरं वाटलं असतं. चुकीला कारण असतं आणि कारण सापडतं. पण सातचा फोटो पाठवायचा कुणी प्रयत्नच केला नव्हता. रोज फोटो काढणाऱ्या सिस्टर एखाद्या पेटीचा फोटो काढणं कधी थांबवतात, हा प्रश्न त्यांनी मनात पुरा होऊ दिला नाही. बाळाचे वडील रोज वर जाऊन बघून येतात, हेही त्यांना त्या क्षणी आठवलं नाही. किंवा आठवलं, आणि त्याचबरोबर त्या बाईचं मागच्या वेळचं वाक्यही आठवलं.

"मी वर जाऊन येते," त्या म्हणाल्या. लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघाल्या.

वॉर्डाच्या आत त्यांनाही प्रवेश नव्हता. मोठ्या काचेपाशी उभं राहून त्यांनी पेट्या मोजल्या. चार, पाच, सहा. सात रिकामी होती. चादर नवी, ताणून घातलेली. झाकण पुसून लख्ख केलेलं.

त्यांनी काचेवर हात टेकला.

मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. "काय हो सर्व्हरबाई, धावत आलात? काय बुडालं?"

"सात..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"सात ना? बघा की, रिकामी केली एकदाची. तिकडं बघा, पुढच्या खोलीत." सिस्टरनी बोट दाखवलं. वॉर्डाला लागून नुकतीच एक खोली उघडली होती, तिच्यात पेट्या नव्हत्या, साधे पाळणे होते. खिडकीजवळच्या पाळण्यात पिवळी टोपी घातलेलं एक बाळ हातपाय झाडत होतं. "परवा नळी काढली तिची. स्वतःचा श्वास स्वतः घेतेय महाराणी. पेटीतून या खोलीत आलेली पहिलीच. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

सर्व्हरबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या बाकावर बसल्या.

"फोटो काढता ना तिचे?"

"म्हणजे काय? रोज! पुढच्या खोलीतला तीन नंबरचा पाळणा, म्हणून 'पुढची तीन' असा नंबर घातलाय. टॅबलेटवर नवे नंबर आमचे आम्हीच वाढवले, तुम्हीच तशी सोय करून ठेवलीय ना? म्हटलं कशाला उगाच तुम्हाला त्रास."

आता सगळं लख्ख दिसलं. वॉर्डात सगळे पेटीच्या नंबराने बोलतात, म्हणून सर्व्हरबाईंनी पान बांधलं तेही पेटीच्या नंबराला. सातची आई म्हणजे पेटी नंबर सातचं पान. पूर्वी बाळ पेटीतून थेट घरी जाई, त्यामुळे कधी बिघडलं नाही. आता बाळ बरं झालं, चार पावलं पुढे गेलं आणि आईचं पान मात्र रिकाम्या पेटीपाशी बसून राहिलं. ही आनंदाची बातमी वॉर्डभर झाली. तळघरात ती कळवायला हवी, असं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

आणि रिकाम्या पेटीच्या पानावर जुना फोटो का दिसत होता? तेही त्यांचंच काम. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक ओळ लिहिली होती: नवा फोटो नसेल तर शेवटचा दाखव. एखाद्या सकाळी सिस्टरना उशीर झाला आणि कुणा आईने पान उघडलं, तर तिला कोरा चौकोन दिसू नये म्हणून. ती ओळ लिहिताना त्यांना फार बरं वाटलं होतं.

"सिस्टर, सातच्या आईला वाटतंय की..."

"माहितीय हो." सिस्टरचा आवाज एकदम उतरला. "बाळाचे बाबा कालपासून रिकाम्या हातांनी येतायत. आधी आई रोज दूध काढून पाठवायची, ताप असला तरी. डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलं होतं. आता काढतच नाही म्हणे. कुणासाठी काढू, म्हणते. अजून दोन-चार दिवस असेच गेले तर दूध आटेल. मी स्वतः फोनवर सांगितलं तिला, पोरगी मस्त आहे. तर मला म्हणाली, तुमचं कामच आहे असं सांगायचं." सिस्टरनी कपाळावरचे केस मागे केले. "आणि मला आता जास्त बोलायला वेळ नाही. दुपारी त्या पेटीत नवीन पाहुणा येतोय."

"सातमध्ये?"

"मग काय, रिकामी ठेवू?"

सर्व्हरबाई उठून उभ्या राहिल्या. दुपारी सातमध्ये दुसरं बाळ येणार, सिस्टर त्याचा फोटो काढून सात दाबणार आणि सातच्या आईच्या फोनवर कुणा परक्या बाईचं मूल उघडणार. चिकटपट्टीचं टोक ओळखणारी बाई ते मूल आपलं नाही हे पहिल्या नजरेत ओळखेल. मग तिला जे वाटेल ते तिच्या मनातून काढायला कुणाचेही शब्द पुरणार नाहीत.

तळघरात येऊन त्यांनी काकांना सगळं सांगितलं.

"आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी," काका म्हणाले. "आपण सर्व्हर झाडत बसलोय आणि पोरगी खिडकीत ऊन खातेय. मग सोपं आहे की. तिच्या पानावर सात खोडून पुढची तीन लिही. झालं."

"आणि उद्या चार पुढे गेला, परवा नऊ गेली? रोज खोडत बसू? एखाद्या दिवशी मी रजेवर असेन." त्या खुर्ची पुढे ओढत होत्या. "पान बाळाला बांधायचं, काका. पेटीला नाही. प्रत्येकाच्या पायात पट्टी असते, तिच्यावर नोंदणी क्रमांक असतो. बाळ कुठेही जाऊ दे, पट्टी त्याच्याबरोबर जाते."

"दुपारच्या आत?"

"आधी सातची गाठ सोडते. मग दुसरी मारते."

पण गाठ सोडली की नवी मारेपर्यंत ते पान कोरं राहणार होतं. दोन वर्षं ज्या गोष्टीपासून त्यांनी सगळ्या आयांना जपलं, तीच आता याच आईला दाखवायची होती. न सांगता दाखवणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"ताई, मी सर्व्हर... हॉस्पिटलमधून बोलतेय. मी आत्ता तिला बघून आले. काचेतून. तिला पुढच्या खोलीत हलवलंय, नळी काढलीय. तुमचं पान मी जुन्या पेटीला बांधलं होतं, म्हणून जुना फोटो येत होता. चूक माझी आहे."



"फोटो नव्हता, तर जुना का दाखवला?"

"तशी मीच व्यवस्था केली होती. नवा नसेल तर शेवटचा दाखवायचा."

"मुद्दाम?"

"हो. कोरं पान बघून कुणी घाबरू नये म्हणून."

"अहो ताई," ती म्हणाली आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, "कोऱ्या पानाला मी घाबरले नसते हो. फोन करून विचारलं असतं, फोटो कुठाय. हे ठीक आहे, ठीक आहे करणारं पान, त्याचीच भीती वाटली मला. घरातल्या माणसांसारखंच वागत होतं ते."

 

"आता थोडा वेळ ते कोरं दिसेल," सर्व्हरबाई म्हणाल्या. "मग नवा फोटो येईल. आजचा."

"आजचा कशावरून?"

"वर तारीख येईल, वेळ येईल."

"तारीख तुम्हीच घालणार ना?" 

हे खरंच होतं.

"एक काम करा," सातची आई म्हणाली. मागून कुणीतरी बाई तिला पडून राहा म्हणून सांगत होती. "टोपी घातलीय का तिला?"

"हो. पिवळी."

"ती उलटी घालायला सांगा. आतली बाजू बाहेर. तसा फोटो काढा. तसला जुना फोटो कुणाकडे असणार नाही."

फोन ठेवल्यावरही सर्व्हरबाई तशाच बसून राहिल्या. दोन अनोळखी मशीनं एकमेकांची खात्री करून घेतात ती याच रीतीने: एकाने दरवेळी नवा, आधी कधी न विचारलेला प्रश्न विचारायचा, म्हणजे जुनी उत्तरं साठवून ठेवणाऱ्याला फसवता येत नाही. त्या हे वर्गात शिकल्या होत्या, परीक्षेत लिहूनही आल्या होत्या. एखादी आई अंथरुणात पडल्या पडल्या ते शोधून काढील आणि टोपीवर आणून ठेवील, असं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मग त्या कामाला लागल्या. सातची गाठ सोडली. प्रत्येक बाळाचा क्रमांक वॉर्डाच्या नोंदीतून घेऊन पानांना जोडला. टॅबलेटवर पेटीच्या जागी पट्टीचा क्रमांक येईल असं केलं. आणि ती जुनी ओळ काढून टाकली. तिच्या जागी काय लिहावं यावर त्या थोडा वेळ अडल्या. 'बाळ ठीक आहे' असं लिहिणं मशीनच्या हातात नव्हतं. मशीनला ते माहीत नसतं. त्यांनी लिहिलं, 'आजचा फोटो अजून आलेला नाही. विचारायचं असेल तर या नंबरवर फोन करा,' आणि खाली वॉर्डाचा नंबर दिला. वॉर्डातले फोन वाढले म्हणून मोठ्या सिस्टर ओरडणार हे त्यांना ठाऊक होतं.

आपल्या कॉम्प्युटरवर त्यांनी सगळं चालवून पाहिलं. चोख चाललं. तेच सर्व्हरवर चढवलं, वर फोन करून सिस्टरना टोपीचं सांगितलं.

"उलटी टोपी? आता हे काय नवीन खूळ?"

"तिच्या आईला हवंय."

सिस्टरनी पुढे काही विचारलं नाही. थोड्या वेळाने फोटो आल्याची हिरवी ओळ उमटली. सर्व्हरबाईंनी पान उघडलं, तर फोटोच्या जागी फाटक्या चित्राची खूण आणि नोंदीत लाल ओळ: परवानगी नाही.

"आत्ता माझ्याकडे चालत होतं!"

"तुझ्याकडे सगळ्यांचंच चालतं," काका चष्मा पुसत म्हणाले. "फोल्डर कुणाच्या नावावर आहे बघ."

फोल्डर त्यांच्या स्वतःच्या नावावर होता. घाईत त्यांनी तो आपल्या हाताने केला होता. फोटो त्यात पडत होते, पण पान दाखवणाऱ्या प्रोग्रामला आत डोकावायची मुभाच नव्हती.

"घर बांधलंस आणि किल्ली पदराला बांधून बसलीस," काका म्हणाले.

त्यांनी किल्ली दिली. पान पुन्हा उघडलं आणि खिडकीच्या उजेडातला एक चेहरा समोर आला. गालावर पट्टी नव्हती, जिथे होती तिथे त्वचा जरा लालसर होती. तोंड जांभईसाठी उघडलेलं. पिवळी टोपी उलटी, कपाळावरून आडवी गेलेली जाड शिवण आणि कानावर लोंबणारा एक दोरा.

काका बराच वेळ बघत राहिले. "नाक बरं आहे," ते म्हणाले.

सर्व्हरबाईंनी फोन लावला. "ताई, बघा आता."

पलीकडून बोटांचा आवाज आला, मग काहीच नाही. पान उघडायला क्षणभरही लागत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी त्यांचा एक हात नोंदींच्या खिडकीकडे गेला. तिथे हिरवी ओळ उमटली होती. पान उघडलं गेलं होतं. ती बघत होती.

खूप वेळाने एक आवाज आला, हसण्याचा की हुंदक्याचा हे कळण्यासारखं नव्हतं. मग दूर कुणाला तरी हाक: "अहो, ऐकलंत का? त्या बाटल्या उकळायला ठेवा. हो, आत्ता. नंतर सांगते, आधी ठेवा."

मग ती पुन्हा फोनवर आली.

"सिस्टरना म्हणावं टोपी सरळ करा आता," ती म्हणाली. "शिवण टोचत असेल तिला."